न हुंगलेला गुलाब

लातूरच्या नव्या कॉलनीत पंचाक्षरींचं घर कुठलं असं विचारलं, तर लोक डोकं खाजवत. पण ‘तो बिनफुलाचा गुलाब हाय बघा, त्यांचं,’ असं म्हटलं की खेळणारी पोरंसुद्धा खेळ टाकून थेट फाटकापर्यंत आणून सोडत. फाटकाशेजारून निघालेला तो वेलगुलाब बांबूच्या मांडवावरून चढून पार वरच्या पत्र्याला टेकला होता. पानं अशी हिरवीगार, की त्या दुष्काळात बघणाऱ्याला आधी आनंद व्हावा आणि लगेच संशय यावा. संशय अर्थात पाण्याचा. टँकर येणार मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यात घागरींची भांडणं, आणि ही बाई झुडपाला पाणी पाजणार!

शिवकांताबाई खरं तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहाटे उठावं, अंघोळ करावी, कपाळाला भस्म लावावं, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यावं, बेलाचं पान वाहावं. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा घोट नाही. लग्नात, बाळंतपणात, तापातसुद्धा हा नेम मोडला नव्हता. बोलणं इतकं हळू, की भाजीवाला ‘काय म्हणलाव?’ असं दोनदा विचारी, आणि तिसऱ्यांदा विचारायची पाळी त्याच्यावर येऊ नये म्हणून बाई तो सांगेल त्या भावात वांगी घेऊन घरी येत. अशा बाईनं एका झुडपापायी कॉलनीभर गाजावं हे बरं नव्हे, असं सगळ्यात जास्त त्यांनाच वाटत असे. पण इलाज नव्हता. प्रश्न अव्वाचा होता.

अव्वा म्हणजे त्यांची आई. उदगीरला, धाकट्या भावाकडं, शिवलिंगकडं राही. तिच्या अंगणात हा वेल होता. फूल तळहातात मावेल एवढंच, फिकट गुलाबी, पण वास असा की सकाळी रस्त्यावरून जाणारा माणूस पाऊल हळू टाकी. अव्वा रोज त्यातलं एक फूल लिंगाला वाही. पूजा झाली की भस्मात माखलेलं, पाण्यानं भिजलेलं ते फूल शिवकांताबाईंच्या हातावर पडे. मग शाळेत पाटी पुसली, चिंचा खाल्ल्या, मातीत खेळलं, तरी दिवसभर त्या हाताचा वास जात नसे. पुढं शिवलिंगची धान्याची आडत वाढली. पोती ठेवायला अंगण कमी पडलं आणि त्यानं सगळीकडं शहाबादी फरशी घातली. वेल फरशीखाली गेला. त्याच्या आदल्या दिवशी शिवकांताबाई योगायोगानं माहेरी होत्या. त्यांनी एक फांदी कापली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि लातूरला आणली. आता जगाच्या पाठीवर त्या गुलाबाचं एवढंच उरलं होतं.

निघताना त्या अव्वाला म्हणाल्या होत्या, “ह्याचं पहिलं फूल तुझ्या पूजेला. फूल आलं की येते.”

ही गोष्ट त्यांनी सहज म्हटली. पण नेमानं वागणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. सहज म्हटलेलंसुद्धा त्याला पुढं पाळावं लागतं.

फांदी जगली. वेल वाढला. फूल काही येईना. दिवाळीला उदगीरला जावं, तर मंगळवार येई आणि टँकर चुके. टँकर चुकला की वेल माना टाकी. पंचमीला जावं, तर शुक्रवार. शिवाय फुलाशिवाय जायचं कसं? दोन वर्षं अशीच गेली. उदगीरहून गुळाच्या, डाळीच्या गाड्या लातूरच्या मोंढ्यात येत. त्यांतला कुणीतरी शिवलिंगच्या ओळखीचा निघे आणि फाटकात उभं राहून निरोप देई, “अव्वानं विचारलंय, फूल आलं का?”

“पानं लई छान आलीत म्हणून सांगा,” शिवकांताबाई म्हणत, आणि आत जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धूत. म्हणजे आधी धूत; दुष्काळात तेही सुख राहिलं नव्हतं.

आता मराठवाड्यात पाणी नाही म्हणून सल्ल्याचा दुष्काळ आहे असं कुणी समजू नये. समोरच्या घरात निवृत्तीराव होते. शेती खात्यातून निवृत्त झालेले. नावाप्रमाणं निवृत्त होणं मात्र त्यांना नोकरीत जमलं तेवढंच. सल्ला द्यायचं काम चालूच होतं.

“वहिनी, गुलाबाला कात्री लागते, कात्री. तुम्ही लाड करायलाव. लाडानं पोरगं बिघडतं, गुलाब तर बिघडणारच.”

शिवकांताबाई ‘नको’ म्हणाल्या. पण त्यांचं ‘नको’ समोरच्या फाटकापर्यंत पोचेना, म्हणून निवृत्तीरावांनी ते ‘हो’ धरलं आणि दुसऱ्याच दिवशी कात्री घेऊन आले. वेल गुडघ्याएवढा करून ठेवला. तो मग असा काही चिडून वाढला, की पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे ज्याला आपण सवयीनं पावसाळा म्हणतो त्या महिन्यांत, थेट पत्र्याला भिडला. सरळ. काठीसारखा. एकही कळी नाही.

“आता पुन्हा एकदा कापला की झालं,” निवृत्तीराव म्हणाले. तेव्हापासून ते फाटकाशी आले की शिवकांताबाई वेलापुढं जाऊन उभ्या राहू लागल्या.

शेजारच्या सरजाबाई कांबळे प्राथमिक शाळेत शिक्षिका. स्वभावानं बिनधास्त आणि मनानं लई चांगल्या. त्यांनी एक दिवस प्रेमानं अंड्याची टरफलं कुटून आणली.

“घ्या बाई. हे मुळात घाला आन बघा कसं फुलतंय.”

शिवकांताबाईंनी पदर तोंडाला लावला. पूजेला वाहायच्या फुलाच्या मुळात अंडं! पण दारात आलेल्या बाईचं मन मोडायचं कसं?

“अहो, टरफलं हायीत नुसती,” सरजाबाई हसल्या. “बरं, राहू द्या, मी माझ्या कढीपत्त्याला घालते. बाई, तुमचं बरं हाय. तुम्ही हातावर लिंग घेऊन डोळे मिटता, मी भिंतीवरल्या बुद्धापुढं मिटते. पण डास दोघींना सारखेच फोडायलेत की नाही?”

त्यावर दोघी हसल्या. सरजाबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून तांदूळ धुतलेलं पाणी न सांगता फाटकाशी ठेवू लागल्या. त्या पाण्यावर गुलाब जगला हे खरं, पण हे कॉलनीला कोण सांगणार? कॉलनीनं अर्ज केला.

अर्ज निनावी होता. आता इथं शिवकांताबाईंच्या यजमानांची, पंचाक्षरींची गोष्ट सांगणं भाग आहे. नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याच्या गावाहून जी माणसं, कपाटं आणि फायली ट्रकात घालून आणल्या, त्यांत पंचाक्षरीही होते. सरळ माणूस, कारकून, हस्ताक्षर मोत्यासारखं. ‘टंचाई काळात बागबगीच्यास पाणी देण्यास सक्त मनाई आहे’ हा हुकूम कचेरीतून निघाला, त्याचा मसुदा त्यांच्याच हातचा. आणि ‘अमुक कॉलनीत एका घरी गुलाबास पाणी देण्यात येते’ ही तक्रार आली, ती कामाच्या वाटपाप्रमाणं त्यांच्याच टेबलावर आली. दुसरा कुणी असता तर अर्ज चहाच्या बशीखाली गेला असता. पंचाक्षरींनी त्यावर ‘सदर घर माझेच आहे. योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ असं लिहिलं आणि कागद वर पाठवला. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

“अगं, आख्ख्या कचेरीत हसायलेत मला,” ते म्हणाले. “साहेब म्हणाले, पंचाक्षरी, तुम्ही हुकूम लिहायचा आणि तुमच्या मंडळींनी मोडायचा, बरी वाटणी केलीत.”

“तांदळाचं पाणी हाय ते,” शिवकांताबाई म्हणाल्या.

“तांदळाच्या पाण्याचा हुकमात उल्लेख नाही.”

“मग उल्लेख करा की.”

दोघंही हळू बोलणारी. त्यामुळं ह्या घरातलं भांडण शेजारी कळत नसे, एवढा एक फायदा होता.

उल्लेख करायचा तर वापरलेल्या पाण्याची फाईल लागणार. ती फाईल जुन्या जिल्ह्यातच राहून गेली होती. तिकडून उत्तर आलं, की फाईल इकडंच पाठवली आहे. इकडून गेलं, की ट्रकात नव्हती. असं होता होता पाहणीला एक साहेब आले. त्यांनी वेल खालून पाहिला, वरून पाहिला, एक काटा बोटात मोडून घेतला आणि शेरा लिहिला: ‘फुलाअभावी सदर वनस्पती गुलाब असल्याची खात्री करता आली नाही. फूल आल्यावर फेरपाहणी करावी.’

शिवकांताबाईंच्या जिवाला हा शेरा फार लागला. दोन वर्षं ज्याला लेकरागत सांभाळलं, त्याच्याबद्दल सरकारनं असं लिहावं! पंचाक्षरींच्या मात्र जिवात जीव आला. फूल नाही म्हणजे गुलाब नाही, आणि गुलाब नाही म्हणजे गुन्हा नाही. तेव्हापासून त्या घरात पहाटे दोन पूजा वेगवेगळ्या मागणीनं चालू लागल्या. तळहातावर लिंग घेऊन बायको म्हणे, ‘येऊ दे रे बाबा एक फूल.’ पलीकडं भिंतीला टेकून बसलेला नवरा म्हणे, ‘एवढ्यात नको.’ देवापुढं अशी अडचण उभी राहिल्यावर देवानं काय करावं? त्यानं टँकर पाठवला.

तो शुक्रवार होता. भीमा नावाचा ड्रायव्हर टँकर उलटा घेत गल्लीत शिरत होता, आणि निवृत्तीराव मागं उभे राहून हात हलवत होते. “येऊ दे... येऊ दे... डावीकडं... येऊ दे...” बाया घागरी घेऊन बाजूला झाल्या. आणि मग निवृत्तीरावांनी शेजारच्याच्या नमस्काराला उत्तर द्यायला हात वर केला. तो ‘थांब’चा नव्हता, पण ‘येऊ दे’चाही नव्हता. भीमानं आपल्या मनानं अर्थ लावला आणि टँकर मांडवावर घातला.

बांबू कडाकडा मोडले. पत्र्यापासून फाटकापर्यंतचा सगळा वेल ओरबाडून भिंतीवर आडवा पडला.

“काका, तुम्हीच म्हणलाव ना येऊ दे!” भीमा खाली उडी मारून ओरडला.

“मी नमस्कार केला बाबा!”

“नमस्कार करायचा तर टँकर गेल्यावर करा की! बाई, चुकलं हो. मी दुसरे बांबू आणून देतो.”

शिवकांताबाईंनी घागर खाली ठेवली. त्या वेलापाशी गेल्या. मुळाला माती चिकटलेली होती, बुंधा उपटला नव्हता. लांबच्या लांब फांद्या भिंतीच्या कठड्यावर आडव्या लोळत होत्या. त्यांनी एक उचलून पाहिली, तर काट्यांनी हात सोलून निघाला. मग पदर डोळ्याला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. निवृत्तीराव घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, आता सगळं कापूनच टाकू.” सरजाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते घरी गेले आणि आठ दिवस त्यांची खिडकी उघडली नाही.

वेल आडवाच राहिला. उचलायची ताकद नव्हती आणि कापायची इच्छा नव्हती. आणि मग, फाल्गुनाच्या सुरुवातीला, त्या आडव्या फांद्यांच्या पेरापेरातून बारीक फुटवे उभे राहिले, आणि फुटव्याच्या टोकाला कळ्या. एक नाही, दोन नाही, भिंतभर. सरळ उभा होता तोवर नुसता वर जायच्या नादात होता. आडवा पाडल्यावर त्याला फुलायचं सुचलं. निवृत्तीराव खिडकीतून म्हणाले, “खात्याच्या पुस्तकात हेच लिहिलंय. वेलगुलाब आडवा बांधावा.” मग इतके दिवस ते पुस्तक कुठं होतं, असं त्यांना कुणी विचारलं नाही, माणूस नुकताच खिडकीत परत आला होता.

सगळ्यात पुढची कळी सोमवारी उमलणार असा रंग दिसत होता. शिवकांताबाईंनी मोंढ्यातल्या गाडीबरोबर निरोप पाठवला: “अव्वाला म्हणावं, सोमवारी फूल घेऊन येते. पूजेला थांब.”

इथं एक बारीकसा पेच होता. देवाला वाहायचं फूल हुंगलेलं चालत नाही. आणि ही कळी होती भिंतीवर, टँकरच्या रांगेच्या नेमकी नाकापुढं. शुक्रवारी रांगेतली प्रत्येक बाई घागर खाली ठेवी आणि मान पुढं करी. शिवकांताबाई दोन्ही हात पसरून कळीपुढं उभ्या. “वास घेऊ नका हो. पूजेची हाय. अव्वाच्या पूजेची हाय.” हे त्या इतक्यांदा म्हणाल्या, की शेवटी सरजाबाईच रांगेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “नाकं मागं! घागरी पुढं!”

पंचाक्षरी घरातून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. “अगं, सोमवारी लवकर तोड. फेरपाहणीला कधीही येतील. पहिल्या एस.टी.नं निघ.” दोन वर्षांत पहिल्यांदा नवराबायकोचं एका गोष्टीवर एकमत झालं. एकीला फूल वाहायचं होतं, दुसऱ्याला पुरावा गावाबाहेर घालवायचा होता.

सोमवारी पहाटे आपली पूजा उरकून, ओल्या फडक्यानं नाक-तोंड बांधून शिवकांताबाई फूल तोडायला गेल्या. आपल्याच नाकाचा भरवसा काय? समोरून निवृत्तीरावांनी हळूच विचारलं, “वहिनी, जैन धर्म घेतलाव का?” त्यांनी उत्तर दिलं नाही, बोलायला श्वास लागतो. फूल पानांसकट पितळेच्या डब्यात ठेवलं, खाली ओलं फडकं, वर झाकण, वरून पुन्हा फडकं. अव्वा उपाशी थांबली असणार, म्हणून स्वतःही काही खाल्लं नाही. परतीच्या वाटेवर खायला तेवढ्या भाकरी पिशवीत टाकल्या. मंगळवारी टँकर होता, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचंच होतं.

नळेगावच्या अलीकडं गाडीतून वाफ निघू लागली. ड्रायव्हरनं गाडी रस्त्याकडंला घेतली. इंजिनाला पाणी हवं होतं, आणि आजूबाजूला नजर जाईल तिथवर पाणी म्हणावं असं काही नव्हतं. नुसत्या ढेकळांचं रान.

“ज्याच्याजवळ पाणी हाय त्यांनी द्या बाबा,” कंडक्टर मधल्या वाटेनं फिरत म्हणाला. “न्हाईतर उदगीर पायी गाठा.”

माणसांनी कुरकुरत तांबे, बाटल्या काढल्या. शिवकांताबाईंजवळ फुलावर शिंपडायला आणलेली पाण्याची बाटली होती. त्यांनी ती डब्यावर धरली, मग कंडक्टरकडं पाहिलं, मग दिली. अव्वा उपाशी आहे, गाडी चालली पाहिजे. पण ऊन चढत होतं, पत्रा तापत होता आणि डबा हाताला चटका देऊ लागला होता. आत फूल शिजेल की काय! त्यांनी झाकण जरासं किलकिलं केलं.

गाडी थांबलेली, वारा नाही, माणसं दाटीनं बसलेली. वास आधी पुढच्या सीटवर गेला. मग त्याच्या पुढच्या.

“गुलाब हाय का कुणाजवळ?” पागोट्यातला एक म्हातारा वळून म्हणाला.

शिवकांताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “वास घेऊ नका हो! माझ्या अव्वाच्या पूजेचं फूल हाय. ती उपाशी थांबलीय.”

“बाई, आमी कुठं घ्यायलोय?” म्हातारा अपराधी होऊन म्हणाला. “त्योच यायलाय.”

ह्या मुद्द्यावर मग गाडीत रीतसर खल झाला. एकाचं म्हणणं, नाक फुलाजवळ नेलं तर तो वास घेणं. फूलच नाकाजवळ आलं तर ते येणं. दुसरा म्हणाला, मग देवळातल्या गुरवाचं काय, तो तर दिवसभर हारात बसलेला असतो. कंडक्टर म्हणाला, तिकीट माणसाचं असतं, वासाचं नसतं, त्यामुळं त्याला उतरवता येणार नाही. मागं एक म्हातारी बसली होती, साखराबाई नावाची, लेकीकडं निघालेली. ती म्हणाली, “आरं, खल काय करायलाव? तिचा नेम हाय. नाकं झाका की!” आणि स्वतः पदर नाकाला लावला.

आणि एकेकानं लावला. बायांनी पदर, गड्यांनी उपरणी, कंडक्टरनं तिकिटांच्या पाकिटाचा पट्टा. बाहेर ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून बसला होता. तो वर आला, तर सगळी गाडी नाक धरून बसलेली. “काय झालं? काय मेलंय का गाडीत?” त्यानं घाबरून विचारलं.

शिवकांताबाईंनी डबा मांडीवर दाबून धरला होता. आपल्या एका नेमासाठी एवढी माणसं श्वास कोंडून बसली आहेत, हे बघून त्यांनी मान खाली घातली. गाडी सुरू झाली, वारा आला. साखराबाईनं सगळ्यात आधी पदर खाली केला. तिचे डोळे मिटलेले होते. “दोन सालं झाली बाई, धुळीबिगर कशाचाच वास न्हाई नाकात,” ती कुणालाच उद्देशून म्हणाली नाही. शिवकांताबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आणि झाकण लावायला उचललेला हात तसाच खाली ठेवला. मग उपरणी खाली आली, पदर खाली आले.

शिवलिंगच्या घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. सोप्यात अव्वा पाटावर बसलेली, समोर भस्म, तांब्या, बेल. वाळून अगदी पाखरागत झाली होती.

“आलीस?” ती म्हणाली. नुसतं लेकीकडं बघत राहिली.

“अव्वा, फूल.” शिवकांताबाईंनी डबा पुढं केला, आणि त्यांना हुंदका आला. “पण हुंगलेलं हाय गं. आख्ख्या गाडीनं हुंगलंय. मला झाकण लावता आलं असतं. मी लावलं न्हाई.”

“कोण व्हतं गाडीत?”

“कोण म्हणजे? माणसं. एक म्हातारी व्हती. पागोटेवाले व्हते. कोण कुठले...”

“फिरता जंगम स्वामी दारात आला तर आधी त्याचं पान वाढतो, मग लिंगाचं,” अव्वा म्हणाली. “शाळा शिकलीस, एवढं शिकवलं न्हाई का कुणी?”

“ते कुठं जंगम व्हते, अव्वा?”

“उपाशीतापाशी उन्हात चालले व्हते न्हवं? मंग झालं तर. आण हिकडं.”

तिनं लिंग तळहातावर घेतलं. फुलाच्या पाकळ्या सैल झाल्या होत्या, वाहताना दोन-तीन गळाल्या. पूजा झाल्यावर भस्मात भिजलेलं फूल तिनं लेकीच्या हातावर ठेवलं. शिवकांताबाईंनी ते नाकाशी नेलं, आणि बराच वेळ त्यांना मान वर करता आली नाही.

“कसा हाय?” अव्वानं विचारलं.

“तोच हाय गं. तू घे की.”

“तूच सांग. मला न्हाई येत.”

“काय येत न्हाई?”

“वास. वरीस झालं. परवा डाळ करपून कोळसा झाली तरी कळलं न्हाई मला. सुनेला बोलू नकोस, आधीच ती मला चुलीपशी बसू देत न्हाई.”

शिवकांताबाईंनी फूल खाली ठेवलं. “मग सारखा निरोप कशाला पाठवायचीस, फूल आलं का म्हणून?”

अव्वानं पदरानं लिंग पुसलं, डबीत घातलं, गळ्यात अडकवलं. सगळं सावकाश.

“तू म्हणलीस न्हवं, फूल आलं की येते. मग आन काय विचारू? तू कधी येणार, असं लोकांदेखत विचारायचं काय? लेक नांदायलीय, तिला संसार हाय.” मग म्हणाली, “लिंगाला काय, बेलाचं पान बी चालतं.”

बाहेर शिवलिंगच्या अंगणात हमाल फरशीवर पोती उतरवत होते. शिवकांताबाईंना दोन वर्षांतले सगळे मंगळवार आणि शुक्रवार एका ओळीत उभे दिसले, घागरी घेऊन.

“संध्याकाळी जायचं म्हणत असशील,” अव्वा म्हणाली.

“उद्या टँकर हाय.”

“हं.” अव्वा भिंतीला टेकली. “कळ्या लई हायीत का अजून?”

“भिंतभर.”

“फुलू देत. झडू देत. फूल झडलं तर काय देव उपाशी राहतोय?”

ह्याला उत्तर असेलही. निवृत्तीरावांच्या पुस्तकात असेल, नाहीतर सापडत नसलेल्या त्या फायलीत असेल. शिवकांताबाईंना ते शोधावंसं वाटलं नाही. लातूरला उद्या रांगेत पंचाक्षरींना घागर घेऊन उभं राहावं लागेल, सरजाबाई त्यांना पुढं घेतील, आणि कदाचित नेमका उद्याच तो साहेब येऊन भिंतीवरली फुलं मोजेल. मोजू दे.

त्यांनी पिशवी उघडली, परतीच्या वाटेसाठी बांधलेल्या भाकरी काढल्या आणि अव्वाच्या ताटात वाढून स्वतःचा पाट तिच्याजवळ ओढला.